तेवोद्रोसचं राज्य खरंच एका पत्रापायी गेलं का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे मध्येच येऊन वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. तुम्हाला अभ्यासमंडळात १८६८ च्या हबसाण मोहिमेवर बोलायचं आहे. मुंबईहून एवढी मोठी फौज इथिओपियात का गेली हे शोधताना सगळीकडे एकच गोष्ट सापडते. सम्राट दुसरा तेवोद्रोस याने राणी व्हिक्टोरियाला पत्र लिहिलं, त्याला उत्तर आलं नाही, त्याने चिडून इंग्रज वकिलाला (सरकारी प्रतिनिधीला) बेड्या घातल्या, इंग्रजांनी फौज पाठवली आणि राजाने स्वतःवर गोळी झाडून घेतली. यावर तुम्ही विचारता की एवढ्यावरून तेरा वर्षांचं राज्य कोसळतं का, की तो शेवटी वेडाच झाला होता? शिवाय घरातले एक पूर्वज मुंबईच्या पलटणीतून त्या मोहिमेत गेले होते असं ऐकिवात आहे, ते कसं तपासायचं?

पत्राची गोष्ट खरी आहे, पण तिच्यातून वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर मिळतं. इंग्रज फौज का आली हा एक प्रश्न आणि तेवोद्रोसचं राज्य का संपलं हा दुसरा. पत्रामुळे पहिल्याचा उलगडा होतो, दुसऱ्याचा होत नाही. जानेवारी १८६८ मध्ये इंग्रज फौजेचा सेनापती सर रॉबर्ट नेपियर तांबड्या समुद्रावरच्या झुलाच्या किनाऱ्यावर उतरला तेव्हा तेवोद्रोसचा अंमल त्याची छावणी, मग्दालाचा डोंगरी किल्ला आणि त्या दोहोंमधली वाट एवढ्यापुरताच उरला होता. बाकीचा देश आधीच हातातून गेलेला होता. तुमच्या व्याख्यानाचा भर इथे असावा असं मला मनापासून वाटतं, कारण हा राजा इंग्रजांच्या गोष्टीतलं एक विक्षिप्त पात्र म्हणून फार काळ सांगितला गेला आहे.

एखादी राजवट समजून घेताना मी लढायांच्या यादीपासून सुरुवात करत नाही. एका कागदावर डावीकडे वर्षं आणि वरच्या ओळीत प्रांतांची नावं लिहितो. प्रत्येक चौकोनात एकच नोंद करायची: त्या वर्षी त्या प्रांतातून नेमलेल्या माणसामार्फत सारा येत होता, की राजाला स्वतः फौज घेऊन जाऊन ओरबाडून आणावं लागत होतं? तेवोद्रोससाठी बेगेमेदर, देंबिया, सेमियन, तिग्रे, लास्ता, गोज्जाम, वोल्लो आणि शेवा एवढी नावं पुरतात. हा तक्ता भरला की राज्य कधी आणि कुठून सुटत गेलं ते दिसतं. म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही कोणत्या वर्षाबद्दल विचारता यावर ठरतं. १८५६ चा तेवोद्रोस वेगळा आणि १८६६ चा वेगळा.

आता मागची परिस्थिती. १७६९ ते १८५५ हा काळ इथिओपियात सरदारांचा काळ म्हणून ओळखला जातो. गोंदरला सम्राट असे, पण नावापुरता. खरी सत्ता येज्जू घराण्यातल्या रासांकडे (रास ही बड्या सरदाराची पदवी) होती आणि त्यांचं ठाणं देब्रे ताबोरला होतं. सातारचे छत्रपती आणि पुण्याचे पेशवे हे नातं डोळ्यांपुढे आणलंत तर चित्र लवकर उमगेल, मात्र पेशव्यांच्या दप्तरासारखी घट्ट कारभाराची चौकट तिथे नव्हती. प्रत्येक प्रांताचा सरदार आपल्या मुलखाचा सारा स्वतः वसूल करी, आपली फौज स्वतः पोसत असे आणि वरच्याला सोयीप्रमाणे नजराणा देई.

तेवोद्रोसचं मूळ नाव कासा हाय्लू. जन्म साधारण १८१८ चा, सुदानच्या सीमेला लागून असलेल्या क्वारा भागातला. नात्यातल्या किन्फू या सरदाराच्या आश्रयाने तो वाढला. १८३९ मध्ये किन्फू वारला आणि तो मुलूख रास अलीची आई मेनेन हिच्याकडे गेला. कासा रानात उतरून बंडखोर झाला, हाताखाली माणसं जमवली. त्याला आवरता येईना म्हणून रास अलीने आपली मुलगी तेवाबेच त्याला देऊन सोयरीक केली. १८४८ मध्ये सीमेवर देबार्की इथे इजिप्तच्या फौजेशी त्याची गाठ पडली आणि तो सपाटून हरला. कवायती पायदळ आणि तोफा यांच्यापुढे निव्वळ शौर्याची घोडदौड टिकत नाही हा धडा त्याला तिथे मिळाला. शिस्त आणि तोफखाना या दोन गोष्टींचा ध्यास त्याने पुढे मरेपर्यंत सोडला नाही.

मग विजय भराभर आले. नोव्हेंबर १८५२ मध्ये गुर आंबाला गोज्जामचा गोशू पडला, जून १८५३ मध्ये आयशालला रास अलीचा पराभव झाला आणि फेब्रुवारी १८५५ मध्ये देरेसगेला तिग्रे-सेमियनचा वूबे हरला. त्यानंतर दोनच दिवसांत, वूबेनेच बांधवलेल्या देरेसगे मर्यम चर्चमध्ये, अबुना (इथिओपियन चर्चचा प्रमुख धर्मगुरू) सलामाने कासाला राज्याभिषेक केला. तेवोद्रोस नावाचा राजा येऊन न्यायाचं राज्य करील अशी जुनी भविष्यवाणी लोकांत रुजलेली होती. ते नाव घेण्यात राजकारण होतं, कारण जुन्या राजवंशाशी त्याचं नातं भक्कम नव्हतं. त्याच वर्षी तो वोल्लोतून शेव्यात गेला आणि तिथल्या राजाचा लहान मुलगा मेनेलिक याला ओलीस म्हणून घेऊन आला. तक्त्यात १८५५-५६ ची ओळ जवळजवळ पूर्ण भरलेली दिसते ती यामुळे.

आता खरं दुखणं. तेवोद्रोसला सरदारांच्या पदरची फौज नको होती, राजाची फौज हवी होती. निरनिराळ्या प्रांतांतली माणसं एकाच तुकडीत मिसळायची, पन्नास, शंभर, हजार अशा उतरंडीने नायक नेमायचे, हत्यारं राजाच्या कोठारात ठेवायची, सैनिकाला पगार द्यायचा आणि त्याने शेतकऱ्याच्या घरात शिरून खाणं बंद करायचं, असा त्याचा बेत होता. या कल्पनेचं मोल ओळखा. तोवरच्या पद्धतीत फौज ज्या गावी उतरे त्या गावाने तिला जेवू घालायचं असे. शेतकऱ्याला हा सगळ्यांत जड कर होता, कारण त्याला ना मोजमाप ना मुदत.

पण पगाराला रोकड लागते. एक अंदाजी हिशेब करून पाहू. समकालीन लोक त्याची ऐन भरातली फौज पन्नास-साठ हजारांच्या घरात धरतात. सैनिकाबरोबर बायको, दळण दळणारी बाई, खेचरवाला, पोरं अशी माणसं असतच. सैनिकामागे एकच माणूस धरला तरी लाखभर तोंडं होतात. माणशी रोज सहाशे ग्रॅम धान्य धरलं तर दिवसाला साठ टन लागतं. एका खेचरावर ऐंशी-नव्वद किलो लादता येतं, म्हणजे एका दिवसाच्या धान्याला सातशेच्या आसपास खेचरं. जनावरांचा चारा यात धरलेलाच नाही. चाकाची गाडी जाईल असे रस्ते नाहीत, धान्याचे सरकारी साठे नाहीत. मग अशी फौज एका जागी पंधरा दिवस बसली की आसपासची खोरी रिकामी होणारच. जून ते सप्टेंबर पावसाळ्यात नद्या ओलांडता येत नसत, तेव्हा ती बसूनच असे, आणि बसे ती बहुधा देब्रे ताबोरच्या परिसरात, म्हणजे बेगेमेदर प्रांतात. त्याच्या पायाखालचा, सर्वांत निष्ठावान प्रांत सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जास्त खंगला याचं कारण हेच आहे. यासाठी राजा दुष्ट असायची गरज नव्हती.

रोकड मिळवायचा एकच मोठा झरा होता: चर्चची जमीन. आपल्याकडच्या देवस्थान इनामांसारखी ती साऱ्यातून सुटलेली असे. तेवोद्रोसने १८५६ पासून हा विषय काढला आणि १८६० मध्ये निर्णय लादला. दर चर्चला दोन पुरोहित आणि तीन डीकन (पुरोहिताचे मदतनीस) पुरेत, त्यांच्या पोटापुरती जमीन ठेवायची आणि उरलेली सारा भरणाऱ्या शेतकऱ्यांना द्यायची. कागदावर हे शहाणपणाचं दिसतं. अडचण अशी की त्याच्या गादीला मान्यता देणारी एकमेव संस्था तीच होती. कासाने १८५४ मध्ये कॅथलिक मिशनऱ्यांना हाकललं ते अबुना सलामाला खूष करायला, आणि सलामाने त्याच्या डोक्यावर मुकुट ठेवला तो त्याच व्यवहारात. शिवाय इथिओपियाचा अबुना इजिप्तच्या कॉप्टिक चर्चकडून येई आणि देशात एकच असे. त्याच्याशिवाय नवे पुरोहित नेमता येत नसत. १८६४ मध्ये सलामाला मग्दालावर कैदेत टाकलं आणि ऑक्टोबर १८६७ मध्ये तो तिथेच वारला. गावोगावच्या पुरोहिताच्या तोंडी राजाबद्दल काय गेलं असेल याची कल्पना करा. बंडखोराला शेतकऱ्याच्या दारात आता आशीर्वादासकट भाकर मिळू लागली.

इथवरचं एका दमात सांगायचं तर, पगारी फौजेसाठी पैसा हवा होता, पैशासाठी चर्चची जमीन हवी होती, जमिनीला हात घातल्यावर मान्यता गेली, मान्यता गेल्यावर बंडं वाढली आणि बंडं मोडायला पुन्हा तीच फौज देशभर फिरवावी लागली. पगार मागेच पडला आणि फौज पुन्हा शेतकऱ्याच्या कणगीवर आली.

बंडं एकामागून एक नव्हती, एकाच वेळी चौफेर होती. तिग्रे-सेमियनमध्ये अगेव नेगुसे १८६१ च्या सुरुवातीपर्यंत टिकला. तो फ्रेंचांकडे मदत मागत होता. गोज्जाममध्ये तेद्ला ग्वालू होता, त्याला तेवोद्रोस कधीच पुरता नमवू शकला नाही. वोल्लोत दर काही महिन्यांनी मोहीम काढावी लागे. लास्ताकडे वागशुम गोबेझे उठला. आणि १८६५ च्या जूनअखेर मेनेलिक मग्दालावरून निसटला व शेव्याचा राजा होऊन बसला. दहा वर्षं तो तेवोद्रोसच्या नजरेखाली वाढला होता आणि राजाची मुलगीही त्याला दिलेली होती. तक्त्यात १८६६ ची ओळ भरायला घ्या. तिग्रे, लास्ता, गोज्जाम, शेवा हे चारही चौकोन रिकामे राहतील, आणि बेगेमेदर व देंबियात ‘सारा’ खोडून ‘लूट’ लिहावं लागेल. १८६६ च्या अखेरीस त्याने गोंदर हे राजधानीचं शहर लुटून जाळलं, तिथल्या चर्चांमधली हस्तलिखितं आणि सोन्याचांदीच्या वस्तू उचलल्या, ते याच टप्प्यावर. वसुलीला दुसरी जागाच उरली नव्हती. या सुमारास फौज दहा हजारांवर आली होती. लोक रात्री छावणीतून गळत होते.

आता पत्राकडे येऊ. ते २९ ऑक्टोबर १८६२ चं आहे. इंग्रज वकील चार्ल्स डंकन कॅमेरॉन याच्याकडे ते दिलं. त्यात तो तुर्कांची तक्रार करतो, प्लाउडेन आणि बेल या आपल्या दोन इंग्रज मित्रांची आठवण काढतो आणि आपले वकील लंडनला सुखरूप पोहोचतील अशी व्यवस्था मागतो. वॉल्टर प्लाउडेन हा आधीचा वकील आणि जॉन बेल हा राजाचा सल्लागार, दोघेही १८६० मध्ये मारले गेले होते. किनारा ऑटोमन-इजिप्शियन हातात असल्यामुळे राजाला बंदुका आणि कारागीर आणायला दुसरी वाटच नव्हती. म्हणजे हे पत्र भावनेच्या भरात लिहिलेलं नाही, त्यामागे लष्करी गरज होती.

पत्र १८६३ च्या फेब्रुवारीत लंडनला पोहोचलं आणि तसंच पडून राहिलं. कारणही नीट सांगा. क्रिमियाच्या युद्धापासून ब्रिटन ऑटोमन सुलतानाचा पाठीराखा होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापूस तुटला होता, त्यामुळे इजिप्त-सुदानच्या कापसाकडे लक्ष होतं. अशा वेळी ख्रिस्ती राजा म्हणून तुर्कांविरुद्ध मदत मागणाऱ्याला काय उत्तर द्यायचं, हा लंडनला नकोसा प्रश्न होता. त्यात कॅमेरॉन सुदानातून, म्हणजे राजाच्या शत्रूच्या मुलखातून, फिरून उत्तराशिवाय परतला. जानेवारी १८६४ मध्ये त्याला बेड्या पडल्या. त्याच्या आधी, ऑक्टोबर १८६३ मध्ये, हेन्री स्टर्न या मिशनऱ्याला फटके बसले होते, कारण राजाची आई कोसो विकत असे असं त्याने छापलं होतं. कोसो म्हणजे पोटातल्या जंतांवरचं झाडाचं औषध. दारोदार ते विकणं हलकं समजलं जाई.

सुटकेसाठी एडनहून होर्मुझ्द रस्सम आला. बरोबर मुंबई लष्कराचे दोन अधिकारी होते, डॉक्टर हेन्री ब्लँक आणि लेफ्टनंट प्रिडो. जानेवारी १८६६ मध्ये त्यांचं स्वागत झालं आणि एप्रिलमध्ये तेही कैदी झाले. इथे तारखा शेजारी ठेवून पाहा. शेवा गेला जून १८६५ मध्ये, रस्समला अडकवलं एप्रिल १८६६ मध्ये. ज्याच्या हातून मुलूख सुटतोय त्याला परदेशी कारागीर आणि यंत्रं मिळवायचा शेवटचा उपाय ओलीस धरण्यात दिसला. त्याने फ्लाड नावाच्या मिशनऱ्याला कारागीर आणायला इंग्लंडला धाडलं ते त्याच वर्षी.

तोफांचं प्रकरण जरा तपशिलाने सांगण्यासारखं आहे. देब्रे ताबोरजवळ गाफात इथे बासेलजवळच्या सेंट क्रिशोना संस्थेतून आलेले जर्मन-स्विस मिशनरी राहत. धर्मप्रचारासाठी आलेले हे लोक मुळात हातकामाचे कारागीर होते. राजाने त्यांना उखळी तोफ ओतायला लावलं. सुरुवातीचे प्रयत्न फसले, तरी राजाने पिच्छा सोडला नाही. शेवटी जी ओतली गेली तिचं नाव सेबास्तोपोल, वजन सात टनांच्या आसपास. ऑक्टोबर १८६७ मध्ये त्याने देब्रे ताबोर जाळलं आणि ही तोफ घेऊन मग्दालाकडे निघाला. अंतर सरळ रेषेत दीडशे किलोमीटरही भरत नाही, पण वाटेत जिद्दा आणि बेशिलो नद्यांच्या खोल दऱ्या आहेत. चाकांच्या गाड्यावर तोफ, शेकडो माणसं चामड्याचे दोर ओढताहेत, उतरणीला तितकीच माणसं मागून तिला आवरून धरताहेत, पुढे दारूने खडक फोडून रस्ता कापला जातोय आणि राजा स्वतः दगड उचलतोय. मग्दाला गाठायला साडेपाच महिने लागले. त्याच काळात नेपियर किनाऱ्यावरून सव्वासहाशे किलोमीटर आत यायच्या वाटेवर होता. सेबास्तोपोलने लढाईत काही कामगिरी केली नाही. ती आजही मग्दालावर पडलेली आहे.

मोहिमेबद्दल तुम्हाला बरंच मिळालेलं आहे, म्हणून माझ्या मुद्द्यापुरतं सांगतो. सैनिक साधारण तेरा हजार, त्यांतले जवळजवळ नऊ हजार हिंदी. त्याखेरीज बाजारबुणगे आणि हमाल त्याहून कितीतरी जास्त. ४४ हत्ती तोफा वाहायला नेले होते. झुलाला धक्के बांधले, समुद्राचं पाणी वाफेने गाळून प्यायचं केलं आणि किनाऱ्यापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत रेल्वे टाकली. तरी ही फौज आत शिरू शकली ती प्रामुख्याने दोन गोष्टींवर. एक, वाटेवरच्या सत्ताधीशांनी तिला अडवलं नाही. तिग्रेच्या कासाने (हा वेगळा कासा, पुढचा सम्राट चौथा योहान्नेस) धान्य आणि वाट दिली. गोबेझेने हात लावला नाही. मग्दालाभोवतालच्या वोल्लोच्या ओरोमो राण्यांनी राजाच्या पळवाटा अडवल्या. दुसरी, रोकड. इंग्रजांनी मारिया थेरेसा थॅलर हे चांदीचं नाणं लाखांनी पाडून आणलं. तिथला शेतकरी १७८० सालच्याच छापाचं नाणं घेई. नाण्यावरच्या मारिया थेरेसाच्या पदकपिनेवरचे मोती नीट उठलेत का, खालची अक्षरं बरोबर आहेत का, हे बोटाने चाचपून पाही आणि गुळगुळीत झालेलं परत करी. ज्या शेतकऱ्याकडून तेवोद्रोसची फौज फुकट नेत होती, त्याच शेतकऱ्याने परक्या फौजेला पैसे घेऊन धान्य विकलं.

शेवटचे दिवस तारखांसह सांगा, घाईत उरकू नका. ९ एप्रिलला त्याने जवळजवळ दोनशे एतद्देशीय कैद्यांना मारून कड्यावरून लोटलं. १० एप्रिलला, गुड फ्रायडेच्या दिवशी, अरोगेच्या पठारावर त्याची माणसं मागून भरायच्या स्नायडर रायफलींपुढे धावली. सुमारे सातशे मेली, बाराशे जखमी झाली. इंग्रजांकडचे वीस जखमी, त्यांतले दोन नंतर दगावले. त्या वर्षी दोन्ही पंथांचा ईस्टर एकाच दिवशी, १२ एप्रिलला आला होता. इथिओपियात त्याआधी लांब उपवास असतो, मांस वर्ज्य. उपवास सोडायला म्हणून राजाने नेपियरकडे एक हजार गाई आणि पाचशे मेंढ्या पाठवल्या. भेट स्वीकारली असा निरोप त्याला मिळाला. रिवाजाप्रमाणे याचा अर्थ तह झाला. त्याने युरोपीय कैदी सोडले. मग कळलं की भेट नाकारली आहे. १३ तारखेला गडाच्या दरवाजावर हल्ला झाला तेव्हा त्याने पिस्तुलाने स्वतःला संपवलं. पिस्तूल राणी व्हिक्टोरियाकडून भेट आलेलं होतं. इथिओपियन पंचांगात ही तारीख १८६० मधली येते, कारण ते आपल्या इसवी सनापेक्षा सात-आठ वर्षं मागे चालतं. तिकडची बखर वाचताना साल जुळलं नाही तर आधी हे तपासा, नाहीतर १८५५ चा राज्याभिषेक १८४७ मध्ये झाल्यासारखा वाटतो.

वेडेपणाबद्दल मी सावध राहतो. १८५८ मध्ये तेवाबेच वारली आणि दोन वर्षांत प्लाउडेन व बेल गेले, तेव्हापासून तो बिघडला, असं नेहमी लिहिलं जातं. तो रागीट होता, क्रूर होता, शेवटच्या वर्षांत बेभान झाला होता, हे कुणीच नाकारत नाही. गोंदर आणि ९ एप्रिल यांना माफी नाही. पण हे लिहिणारे कोण ते बघा. त्या काळची जी युरोपीय वर्णनं सर्रास वापरली जातात ती बहुतांश त्याच्या कैद्यांची आहेत. बेडीत बसून माणूस राजाचा चेहरा बारकाईने बघतो, पण प्रांताचा सारा किती आला ते त्याला दिसत नाही. अम्हारिकमध्ये त्याच्या तीन बखरी आहेत आणि त्यांचा सूर एकमेकींशी जुळत नाही. झेनेबची बखर राजाच्या बाजूची आहे, पण ती भरभराटीच्या काळातच थांबते. म्हणून शिक्षा आणि कत्तली त्या तक्त्यावर टिपा. जसजसे चौकोन रिकामे होतात तसतशी त्यांची संख्या वाढते असं दिसेल. कठोर शिक्षा पहिल्या मोहिमांतही होत्या. सगळं स्वभावावर ढकललं की हातात काहीच उरत नाही, आणि नंतरचे दोघे का टिकले हेही कळत नाही. योहान्नेसने प्रांताधिपतींना त्यांच्या जागी राहू देऊन मांडलिक केलं. मेनेलिकने रायफली विकत घेतल्या, ओतल्या नाहीत, आणि १ मार्च १८९६ ला अडवाला इटलीला हरवलं. दोघांनीही देश एक करायचं स्वप्न तेवोद्रोसचंच उचललं. अर्थात त्यांच्या वेळी किनाऱ्यावरची परिस्थिती बदललेली होती, त्यामुळे तुलना करताना तेवढी सूट त्याला द्यायला हवी.

लुटीचा भाग वगळू नका. गडावरून हस्तलिखितं, मुकुट, चर्चमधली भांडी पंधरा हत्ती आणि दोनशे खेचरांवर लादून दलांताच्या पठारावर आणली आणि तिथे लिलाव केला. ब्रिटिश म्युझियमचा माणूस खरेदीला हजर होता. सात वर्षांचा राजपुत्र अलेमायेहू इंग्लंडला नेला गेला. १८७९ मध्ये अठराव्या वर्षी तो लीड्सला वारला. राजाच्या केसांच्या बटा लंडनच्या लष्करी संग्रहालयाने २०१९ मध्ये इथिओपियाला परत केल्या, बाकीचं बरंचसं अजून परत गेलेलं नाही.

खर्चाची बाजू आपल्याशी थेट जोडलेली आहे. मोहिमेला नव्वद लाख पौंडांच्या आसपास खर्च आला. त्यातला हिंदी पलटणींचा नेहमीचा पगार हिंदुस्थानच्या तिजोरीवर टाकला गेला. माणसं हिंदुस्थानाबाहेर, दुसऱ्याच्या कामाला, आणि पगार मात्र इथल्या रयतेच्या साऱ्यातून. दादाभाई नौरोजींनी नोव्हेंबर १८६७ मध्येच लंडनला ईस्ट इंडिया असोसिएशनपुढे यावर निबंध वाचून हरकत घेतली होती.

तुमच्या पूर्वजांबद्दल. मोहिमेत मुंबईच्या नेटिव्ह इन्फंट्रीच्या २, ३, १०, १८, २१, २५ आणि २७ या क्रमांकांच्या पलटणी होत्या, शिवाय बॉम्बे सॅपर्स आणि रिसाले. यांतल्या ३ आणि १० क्रमांकाच्या पलटणी पुढे १०३ आणि ११० मराठा लाइट इन्फंट्री झाल्या. म्हणून घरात ‘मराठा पलटण’ एवढीच आठवण असेल तर आधी या दोन बघा. नाव मात्र १८६७ चं शोधा, नंतरचं नाही, कारण पलटणींचे क्रमांक पुन्हा पुन्हा बदलले आहेत. पूर्वज सैनिक नसून खेचरवाले किंवा हमाल असतील तर पलटणीच्या नोंदीत सापडणार नाहीत. त्यांची भरती वाहतूक खात्याकडे होती. आणि घरात जुनं चांदीचं पदक असेल, पुढे नऊ टोकांची चांदणी, टोकांच्या मध्ये एकेक इंग्रजी अक्षर आणि आत राणीचा चेहरा, तर ते उलटं करून मागच्या बाजूला मध्यभागी पाहा. इतर पदकांवर नाव कडेला कोरतात, या पदकावर सैनिकाचं नाव आणि पलटण मागच्या वर्तुळात असते. घासून चकाकी आणू नका, अक्षरं जातील. तिरप्या उजेडात फोटो काढा आणि इथे टाका, वाचायला मदत करतो.